पाटी लहान, इमान मोठे : वकिलीचा व्यवसाय वाढतो कसा?

सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाचे नवे दुकान उघडणारा माणूस सगळ्यात आधी काय करतो? ठसठशीत पाटी रंगवून घेतो, हँडबिले वाटतो, सणाच्या तोंडावर सूट जाहीर करतो. टॉवेलचा कारखानदार नमुने घेऊन परगावच्या व्यापाऱ्यांकडे जातो. माल विकायचा तर तो चार लोकांना दाखवला पाहिजे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण याच शहरात एक व्यवसाय असा आहे की त्याला यातले काहीही करण्याची मुभा नाही. तो म्हणजे वकिली. वकिलाने आपली जाहिरात करायची नाही, गिऱ्हाईक गाठायचे नाही, फीमध्ये सूट जाहीर करायची नाही. तरीही काही वकिलांच्या कार्यालयात बसायला जागा नसते आणि काही कार्यालये दोन वर्षांत बंद पडतात. असे का होते, याचा विचार आपण व्यापारी आणि कारागिरांनी करण्यासारखा आहे.

व्यापाराच्या पानावर वकिलांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे आपणच वकिलांचे पक्षकार आहोत. चेक वटला नाही, भागीदार फिरला, गाळ्याच्या भाड्यावरून तंटा झाला, जीएसटीची नोटीस आली, की आपली पावले कोर्टाकडे वळतात. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ज्यांच्या वडिलांनी माग चालवला, शिलाई केली, हातगाडी लावली, अशा घरांतील मुले-मुली आता कायदा शिकून सनद घेत आहेत. घरात वकिलीची परंपरा नाही, ओळखीचा न्यायाधीश नाही, मोठ्या वकिलाचे नाव पाठीशी नाही. काळा कोट अंगावर चढतो, पण पहिला पक्षकार कोठून येणार हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही. याच अडचणीच्या वेळी वाकडी वाट समोर येते. म्हणून सरळ वाट कोणती, हे सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

नियम काय आहे?

वकिलांचा कारभार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने चालतो. त्या कायद्याखाली भारतीय वकील परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, वर्तनाचे नियम केले आहेत. त्यातला ३६ वा नियम सांगतो की वकिलाने काम मागू नये आणि जाहिरात करू नये. परिपत्रक, जाहिरात, दलाल, ओळख नसताना घेतलेली भेट, वर्तमानपत्रातून घडवून आणलेली चर्चा, आपण चालवीत असलेल्या खटल्याच्या बातमीत छापून आणलेला फोटो, हे सगळे वर्ज्य. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. आपण अमुक संस्थेशी संबंधित आहोत, पूर्वी न्यायाधीश होतो किंवा अमुक प्रकारच्या कामात विशेष निष्णात आहोत, असे पाटीवर लिहिता येत नाही.

२००८ मध्ये या नियमाला थोडी सवलत जोडली गेली. वकिलाला इंटरनेटवर आपले नाव, पत्ता, फोन, ई-मेल, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कोणत्या क्षेत्रात काम करतो एवढी माहिती ठेवता येते. त्यापुढे नाही. मोबाईलच्या जमान्यात ही मर्यादा वारंवार ओलांडली जाते. म्हणूनच जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने इंटरनेटवरून वकिलांची गिऱ्हाइके जुळवून देणाऱ्या कंपन्यांवर कडक ताशेरे ओढले आणि वकील परिषदेला कारवाई करण्यास सांगितले. मार्च २०२५ मध्ये परिषदेने चित्रफिती काढून आणि प्रसिद्ध व्यक्तींना पुढे करून होणाऱ्या जाहिरातबाजीबद्दल वकिलांना पुन्हा ताकीद दिली.

याच नियमावलीत आणखी दोन कलमे आहेत. ती जाहिरातबंदीपेक्षाही महत्त्वाची, पण लोकांना कमी ठाऊक. एक, वकिलाने आपल्या फीमध्ये वकील नसलेल्या कोणालाही वाटेकरी करता येत नाही. दुसरे, "जिंकलो तर इतके टक्के" असा ठराव वकिलाला करता येत नाही. वसुलीतला हिस्सा मागणेही निषिद्ध आहे.

मुंबईच्या कोर्टाच्या दारातली झोंबाझोंबी

हे नियम हवेतून आलेले नाहीत. त्यांच्यामागे आपल्याच राज्यातले एक गाजलेले प्रकरण उभे आहे. मुंबईच्या एस्प्लनेड मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दाराशी काही वकील उभे राहत. कोणी गरजू पक्षकार येताना दिसला की त्याच्याकडे धाव घेत, एकमेकांच्या हातातून कागद ओढत, फी कमी करून सांगत, प्रसंगी हातघाईवर येत. महाराष्ट्राच्या वकील परिषदेने त्यांना दोषी धरून तीन वर्षांसाठी सनद स्थगित केली. अपिलात भारतीय वकील परिषदेने नियमाचा कीस काढून त्यांना सोडून दिले. अखेर राज्य परिषद सर्वोच्च न्यायालयात गेली. महाराष्ट्र वकील परिषद विरुद्ध दाभोळकर या नावाने ओळखला जाणारा हा निकाल १९७५ चा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की पक्षकारासाठी अशी ओढाताण करणे हे गैरवर्तनच आहे. कायद्याचे काम म्हणजे बाजारातला माल नव्हे आणि न्यायाच्या दारात बाजारातली चढाओढ चालू द्यायची नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

बाजारात उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून थोडे टोचेल. व्यापार म्हणजे काही कमी प्रतीचे काम आहे काय? तसे नाही. फरक गिऱ्हाइकाच्या स्थितीत आहे. चादर घेणारा माणूस चादर हातात धरून वीण पाहतो, वजन पाहतो, दुसऱ्या दुकानात भाव विचारतो. कोर्टाच्या दाराशी आलेला माणूस घाबरलेला असतो. त्याला मालाची पारख नसते. चांगला वकील आणि बोलघेवडा वकील यांतला फरक त्याला निकाल लागल्यावर कळतो आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. अशा माणसावर झडप घालणे आणि दुकानात गिऱ्हाइकाला हाक मारणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

नवख्यावर अन्याय होतो का?

तरीही एक आक्षेप आम्हाला खरा वाटतो. जाहिरातबंदीचा त्रास जुन्या, नावाजलेल्या वकिलाला होत नाही. त्याचे नावच त्याची जाहिरात असते. त्रास होतो तो नवख्याला.

बद्रुद्दीन तय्यबजींचे उदाहरण घ्या. ते एका व्यापाऱ्याचे पुत्र. १८६७ मध्ये इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईत वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना जामीन त्यांनीच दिला. त्यांची योग्यता निर्विवाद होती. पण हेही विसरता येत नाही की त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन त्यांच्या आधीच सॉलिसिटर झाले होते. धंद्याची वाट दाखवणारे माणूस घरातच होते. बेगम पेठेतल्या किंवा नई जिंदगीतल्या शिलाई कारागिराच्या मुलीला असा भाऊ नाही. तिने काय करावे?

जाहिरात खुली केली की प्रश्न सुटेल, असे काहीजण म्हणतात. परदेशाचा अनुभव पाहू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वकिलांना जाहिरात करण्याची मोकळीक दिली. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना १९८४ पासून परवानगी मिळाली. साध्या कामांची फी लोकांना आधी कळू लागली, हा फायदा झाला. पण इंग्लंडमध्ये अपघातग्रस्तांची नावे गोळा करून ती वकिलांना विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. नावामागे पैसे मोजावे लागत आणि त्याचा बोजा शेवटी खटल्याच्या खर्चावर पडे. एप्रिल २०१३ पासून तिथे शारीरिक इजेच्या दाव्यांत असे पैसे देण्या-घेण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. म्हणजे जाहिरात खुली करणाऱ्या देशालाही दलालीवर मात्र कुलूप लावावे लागले. यातून आम्ही काढतो तो अर्थ असा : जाहिरातीबद्दल दोन मते असू शकतात, दलालीबद्दल नाही. खरी कीड ती आहे.

दलालीचा हिशेब

दलाल म्हणजे कोण, हे वाचकांना समजावून सांगायला नको. "साहेब आपल्या ओळखीचे आहेत, काम करून देतो," असे म्हणत तो दवाखान्यात, चौकीबाहेर, कचेरीच्या आवारात भेटतो. तो आपल्याकडून काही घेत नाही, म्हणून तो आपल्याला हितचिंतक वाटतो. पण हिशेब मांडून पाहा.

समजा, दोन लाखांचा चेक वटला नाही आणि वकिलाची फी पंधरा हजार ठरली. त्यातले पाच हजार दलालाला गेले. वकिलाच्या हाती दहा हजार राहिले आणि काम मात्र पंधरा हजारांचे करायचे आहे. आता तो एक तर काम उरकतो, नाही तर मधल्या तारखांना टायपिंग, झेरॉक्स, वरखर्च अशा नावाखाली पैसे मागतो. याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. पुढचे काम दलालच आणणार असल्याने वकिलाची निष्ठा पक्षकाराकडून दलालाकडे सरकते. समोरच्या व्यापाऱ्याशी बसून तडजोड करणे आपल्या हिताचे असले तरी तो सल्ला देणे त्याला परवडत नाही. खटला आपला असतो आणि लगाम तिसऱ्याच्या हातात असतो.

दलाली वाढत गेली की कुठवर जाते, हे उत्तर प्रदेशात दिसले. तिथे मोटार अपघाताचे खोटे दावे इतके वाढले की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले. २०२१ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा त्यात वकिलांचीही नावे होती.

कायदा याबाबत आता अधिक सोपा झाला आहे. पूर्वी दलालांविरुद्धची तरतूद १८७९ च्या जुन्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती अधिवक्ता कायद्यात ४५-अ कलम म्हणून आली आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. जिल्हा न्यायाधीशांना दलालांची यादी करता येते, अर्थात त्या माणसाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन. ती यादी कोर्टात लावली जाते. यादीत नाव असताना जो दलाली करील त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाचशे रुपयांचा दंड आजच्या काळात किरकोळ आहे, पण कोर्टाच्या भिंतीवर लागलेले नाव किरकोळ नाही.

सरळ वाटेने कार्यालय कसे वाढेल?

मग जाहिरात नाही, दलाल नाही, तर नव्या वकिलाने करावे तरी काय? आमच्या मते उत्तर आपल्या बाजारातच आहे. जुना व्यापारी म्हणतो, गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन आले पाहिजे. वकिलाला दुसरा मार्गच नसल्याने हे त्याला अधिक लागू आहे. त्यासाठी काही गोष्टी सांगतो. यातली एकही नियमाला सोडून नाही.

पहिली गोष्ट, फी आधी आणि लेखी. कोणत्या टप्प्याला किती, कोर्ट फी वेगळी की त्यातच, अपिलाचे काय, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. प्रत्येक रकमेची पावती द्यावी. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणे हे तर वकिलावर नियमानेच बंधनकारक आहे. आणि फी पाडून काम ओढू नये. पक्षकाराची ऐपत असताना नियमाने आकारता येणाऱ्या फीपेक्षा कमी घेऊ नये, असे नियम सांगतो. ज्याची ऐपत नाही त्याला मदत करणे हे मात्र वकिलाचे मोठे कर्तव्य मानले आहे. गरिबासाठी सवलत आणि स्पर्धेसाठी सवलत यांतला फरक ज्याला कळला त्याला व्यवसाय कळला.

दुसरी गोष्ट, पक्षकाराला अंधारात ठेवू नये. प्रत्येक खटल्याला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो घातला की ई-कोर्टच्या यंत्रणेत मोबाईलवर पुढची तारीख आणि आदेश दिसतात. चांगले कार्यालय हा क्रमांक खटला दाखल होताच पक्षकाराच्या हातात देते. ज्याचे काम स्वच्छ आहे त्याला पक्षकार स्वतः तारीख पाहतो याची भीती वाटत नाही.

तिसरी गोष्ट, भाषा. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषांत बोलणारे शहर आहे. विडी वळणारी बाई, माग चालवणारा कामगार आपली कैफियत आपल्या बोलीत सांगतो आणि सही मात्र न समजणाऱ्या कागदावर करतो. जो वकील प्रत्येक कागद पक्षकाराच्या भाषेत वाचून दाखवून मगच सही घेतो, त्याचे नाव मोहल्ल्यात आपोआप होते. कारागिराच्या घरातून आलेल्या मुलामुलींकडे हे भांडवल जन्मापासून आहे.

चौथी गोष्ट, "नाही" म्हणण्याची हिंमत. एक उदाहरण देतो. लघुउद्योगांची बिले वेळेत मिळावीत म्हणून २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला तरी माल घेतल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी असलेला छोटा टॉवेल उत्पादक या कायद्याने दाद मागू शकतो. पण नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली ती बँक कर्जातल्या प्राधान्यापुरतीच. उशिरा मिळणाऱ्या पैशांवरच्या व्याजाचा लाभ त्यात नाही. हे पहिल्या भेटीत सांगणारा वकील एक काम गमावतो, पण त्या व्यापाऱ्याचा कायमचा विश्वास कमावतो. तसेच, तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेच्या व्यापारी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते सक्तीचे असल्याचे सांगितले. ही पायरी टाळून घाईने दावा लावणारा वकील पक्षकाराचा पैसा आणि वेळ दोन्ही बुडवतो.

पाचवी गोष्ट, ज्ञान वाटावे. यंत्रमागधारकांच्या किंवा गणवेश उत्पादकांच्या बैठकीत चेकच्या कायद्यावर वीस मिनिटे बोलायला नियमाची आडकाठी नाही, मात्र शेवटी आपली कार्डे वाटून कामे मागायची नाहीत. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यावर १५ दिवसांची मुदत, तीत पैसे न आल्यास पुढच्या एका महिन्यात फिर्याद, एवढे जरी कारखानदारांना पाठ झाले तरी अनेकांची बुडीत रक्कम वाचेल. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक चिन्हांकन मिळालेले आहे. त्याचा उपयोग नकली मालाविरुद्ध कसा करायचा, हे समजावून सांगणाऱ्या वकिलांची या शहराला गरज आहे. एखाद्या नवख्याने हा एकच विषय तीन वर्षे मन लावून अभ्यासला तर त्याला कोर्टाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

सहावी गोष्ट, वाढ सोबत घेऊन करावी. मोठ्या झालेल्या कार्यालयात ज्युनियर मुले वर्षानुवर्षे फुकट राबतात, ही जुनी तक्रार आहे. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती सक्ती नाही. पण ज्याला घरी पैसे द्यायचे आहेत असा होतकरू मुलगा उपाशीपोटी किती दिवस टिकेल? त्याला दलालाकडे ढकलणारी पहिली गोष्ट हीच रिकामी ओंजळ असते. प्रतिष्ठित वकिलांनी हे मनावर घ्यावे.

कोल्हापूरची संधी

या विषयाला आज निकड आली आहे ती कोल्हापूरमुळे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. अपिलासाठी चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाणारा आपला माणूस आता त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर जातो. सोलापूरच्या वकिलांना उच्च न्यायालयात उभे राहण्याची ही मोठी संधी आहे. दोन-तीन जणांनी रीतसर भागीदारी करून एकाने सोलापूर आणि एकाने कोल्हापूर सांभाळणे शक्य आहे. वकिलांनी आपसात भागीदारी करायला कायद्याची हरकत नाही; २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा मार्गही खुला केला आहे.

पण नवी वाट खुली झाली की तिथे दलालही पोहोचतो. "कोल्हापुरात आमचा माणूस आहे" असे कोणी सांगू लागला तर त्याचे नाव, सनद आणि फी स्वतंत्रपणे विचारा. वकीलपत्रावर ज्याचे नाव तोच आपला वकील.

आपले कर्तव्य

सगळा दोष वकिलांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. दलाल जगतो तो आपल्या आळसावर. "निकाल नक्की लावून देतो" हे वाक्य ऐकायला आपल्यालाच गोड लागते. निकालाची हमी कोणताही सचोटीचा वकील देत नाही. पावती न मागणे, कोऱ्या कागदावर सही करणे, टक्क्यांवर वसुली ठरवणे, या सवयी आपल्या आहेत.

काही हक्कही ठाऊक असावेत. फी बाकी आहे म्हणून वकिलाला आपली कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तसा निर्णय दिला आहे. मे २०२४ च्या निकालानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही. पण गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे करता येते. चौकशीअंती ताकीद, सनद स्थगित करणे, सनद कायमची काढून घेणे इथपर्यंत शिक्षा होऊ शकते. औद्योगिक कामगार, महिला आणि गरजू यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. लोकअदालतीत प्रकरण मिटले तर कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील होत नसल्याने तंटा तिथेच संपतो. ज्यांची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपुढे आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की वकिलाच्या फीवरचा कर वकील नव्हे, आपण स्वतः भरायचा असतो. बिलात तो वेगळा मागितला गेला तर आपल्या कर सल्लागाराला विचारा.

आणि एक शेवटची विनंती. आपल्या शहरातल्या नव्या वकिलांना आपण पहिले काम दिले पाहिजे. ओळखीचा म्हणून खटला सोपवा असे आम्ही म्हणत नाही. भाडेकरार, भागीदारीपत्र, उधारीची नोटीस अशी छोटी कामे द्यावीत, पूर्ण फी द्यावी, पावती मागावी आणि काम नीट झाले की चार जणांना सांगावे. आपण सांगितलेला तो चांगला शब्द कोणत्याही नियमात निषिद्ध नाही. वकील हा शब्दच मुळात ज्याच्यावर काम सोपवले त्याचा आहे. सोपवलेली गोष्ट ही अमानत असते. ती सांभाळणाऱ्याची पाटी कितीही लहान असली तरी लोक ती शोधत येतील.